दुसऱ्याच्या वाटेचे बूट: हंटर शूज, डिस्पोजलचा माल आणि दोन हजारांचा प्रश्न

ज्यांना ऐकायला सवड होत नाही, किंवा वैतरणेच्या पुलावर ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलताना जिथे वाक्य अर्धं राहिलं तिथे ते पुरं केलंय, बाकी भाषा बोलण्यातलीच ठेवलीय.

आजचा विषय एका श्रोत्याने दिला. अर्नाळ्याचा कॉलेजात शिकणारा मुलगा आहे. त्याने विचारलं, "दादा, दोन हजारांत असा एकच जोड सांगा, जो किल्ल्यावर चालेल, जंगलात चालेल आणि चिखलातही चालेल. दोन जोड घ्यायला परवडत नाही." आता तुम्ही म्हणाल, हा काय इतिहासाचा प्रश्न आहे का? पण मला वाटतं, आहे. कारण आपल्या खिशाला परवडणारा जवळजवळ प्रत्येक डोंगरी बूट मुळात दुसऱ्या कोणासाठी तरी, दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीसाठी बनला. तो कोणाच्या पायातून आपल्या पायात आला हे कळलं, की तो कुठे साथ देईल आणि कुठे दगा देईल हेही कळतं. आणि दगा म्हणजे साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात पाय घसरून माणूस गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो.

आधी जमीन बघू. हा मुलगा कुठे चालणार आहे? विरार स्टेशनपासून पश्चिमेला दहाएक किलोमीटरवर अर्नाळा. किनाऱ्यावर वाळू, पुढे वैतरणेच्या मुखाशी बेटावर जलदुर्ग. तिथे होडीने जायचं, चढता-उतरता पाय भिजणार हे धरूनच चालायचं. भरतीच्या पट्ट्यातल्या खडकांना कालवं चिकटलेली असतात, अनवाणी पाय पडला तर तळवा कापला जातो. किल्ल्याच्या पायऱ्या आणि फांजी पावसाळ्यात शेवाळलेली. खाडीच्या कडेला खाजणातला चिखल. हे झालं घराजवळचं. सुट्टीच्या दिवशी लोकल पकडली की सफाळ्याला उतरून तांदुळवाडी, पालघरला उतरून काळदुर्ग. पूर्वेला हायवे ओलांडला की टकमक, तुंगारेश्वरचं जंगल, मस्तान नाक्याजवळ अशेरीगड, वाड्याकडे कोहोज. म्हणजे जूनमध्ये ओला कातळ, ऑक्टोबरमध्ये गुडघाभर गवत आणि मोज्यात घुसणारी कुसळं, फेब्रुवारीत मुरमाचा घसारा. एकाच माणसाला, एकाच वर्षात, एकाच जोडीवर हे सगळं पार पाडायचंय.

हा ओल्या-कोरड्याचा पेच काही आजचा नाही. १७३७ ते १७३९ ही चिमाजी अप्पांची वसईची मोहीम आठवा. अर्नाळा मराठ्यांनी १७३७ मध्येच घेतला. जानेवारी १७३९ मध्ये तारापूर पडलं, तिथे बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. त्या मेमध्ये वसई आली. नकाशावर बघा, ही मोहीम सगळी खाड्या आणि डोंगर यांच्यामधली. आज आपण ज्या टेकड्यांवर रविवारी जातो, तोच मुलूख. घाटावरून उतरलेल्या माणसाला इथे दलदल, खाडी, पुळण आणि खडक हे सगळं एका मोहिमेत लागलं.

घाटावरच्या माणसाची वहाण म्हणजे चामड्याची. आज आपण जिला कोल्हापुरी म्हणतो, ती त्याच घराण्यातली. बाभळीची साल, हिरडा असल्या वनस्पतींनी कमावलेलं कातडं, चामड्याच्याच वादीने शिवलेलं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. कोरड्या, तापलेल्या, काटेरी माळावर तिच्यासारखं पायताण नाही. पण भिजली की कातडं मऊ पडतं, तळ बुळबुळीत होतो, वाळल्यावर आकसते. म्हणून तर आपल्याकडे ओढा आला की चपला हातात घ्यायची पद्धत. वहाण पायासाठी असते, पण पावसाळ्यात पायच वहाणेला सांभाळतो! ही वहाण देशावरच्या जमिनीसाठी बनली, कोकणातल्या पाण्यासाठी नाही.

पुढे इंग्रज आले. जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसई घेतली आणि जानेवारी १७८१ मध्ये अर्नाळा. सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये तो परत मिळाला आणि शेवटच्या इंग्रज-मराठा युद्धात कायमचा गेला. त्या काळातली चित्रं बघितली तर गंमत दिसते. कंपनीचा देशी शिपाई वरून लाल कोटात, पण पायात सँडलसारखी चप्पल. बूट ही गोऱ्यांची गोष्ट होती. १८५७ नंतर कानपूर लष्करी चामड्याच्या सामानाचं मोठं केंद्र बनलं, खोगीर, पट्टे, बूट सगळं तिथे व्हायला लागलं. तिथून जो बूट भारतीय शिपायाच्या पायात आला तो ब्रिटिश फौजेतला जाड चामड्याचा, तळाला लोखंडी खिळे आणि टाचेला नाल ठोकलेला. इंग्रजीत त्याला 'अ‍ॅम्युनिशन बूट' म्हणायचे. दारूगोळ्याशी त्याचा संबंध एवढाच, की जे खातं दारूगोळा पुरवायचं त्याच खात्याकडून हे बूटही यायचे.

हे खिळे का? कारण ते बूट ज्या जमिनीसाठी होते तिथे ओलं गवत, माती आणि खडीचे रस्ते. मातीत खिळा रुततो, आणि चामड्याचा तळ झिजण्यापासून वाचतो. आल्प्समध्ये चढणारे लोकही खिळ्यांचेच बूट घालायचे, कारण बर्फात खिळा धरतो. पण आपल्या कातळावर, त्यातही शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या पायरीवर, लोखंडाला रुतायला जागाच नाही. टक्‌ टक्‌ आवाज येतो आणि पाय सुटतो.

आता शिकाऱ्याकडे वळू, कारण 'हंटर' हा शब्द तिथून आलाय. शिकाऱ्याला नालाचा आवाज परवडत नाही. सांबर, वाघ लांबूनच सावध होतात. त्याला हवा होता शांत तळ. तो दिला रबराने. कच्चं रबर उन्हात वितळायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइअरला गंधकाबरोबर तापवून ते टिकाऊ करायची युक्ती सापडली, आणि मग त्या शतकात कापडी वरचा भाग आणि रबरी तळ असे हलके जोडे बाजारात आले. ते होते समुद्रकिनारी फिरायला आणि टेनिस खेळायला! पण जिम कॉर्बेटच्या शिकारकथा वाचल्यात ना? त्यात पातळ रबरी तळाच्या बुटांचा उल्लेख येतो. वाघाच्या मागे जाणारा माणूस जाडजूड बुटांऐवजी असे बूट घालतो, कारण पायाखालची काटकी मोडायच्या आधी तळव्याला जाणवली पाहिजे.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हळूहळू शिकारीचा तो जमानाच संपला. शिकार गेली, नाव मात्र राहिलं. आज दुकानात जाऊन "हंटर शूज द्या" म्हणा. घोट्याच्या वर येणारा, काळ्या किंवा हिरवट कॅनव्हासचा, खाली रबराचा खोल खाचांचा तळ असलेला, लांब नाडीचा बूट तुमच्यासमोर येईल. काहीशे रुपयांत. आणि तो घालतं कोण? जंगल राखणारे वनरक्षक, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं आणि आपण ट्रेकर्स. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झालं. म्हणजे 'हंटर' नावाचा बूट घालून आज तिथे शिकाऱ्यांवर नजर ठेवली जाते. शब्दांचा प्रवास असा असतो, मंडळी.

पण या हंटर शूजचा आकार शिकाऱ्याकडून आलेला नाही, तो युद्धातून आलाय. दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढायची वेळ आली तेव्हा चामड्याचे जड बूट कुजायला लागले. ओलाव्याने शिलाई सुटायची, पाय दिवसेंदिवस भिजलेले राहून त्यांची सालं निघायची. १९४२ च्या सुमारास अमेरिकी सैन्याने कॅनव्हास आणि रबर यांचा जंगल बूट काढला, पनामाच्या जंगलात त्याच्या चाचण्या झाल्या. त्यामागचा विचार साधा पण उलटा होता: पाणी आत येऊच द्यायचं नाही हा हट्ट सोडा, पाणी येणारच, ते लवकर बाहेर कसं जाईल ते बघा. कॅनव्हास भिजतो, पण वाळतोही लवकर. पुढे व्हिएतनामच्या काळातल्या जंगल बुटाला तर तळव्याच्या कमानीपाशी पाणी निघून जायला जाळीदार भोकंच ठेवली होती.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपल्या पावसाळ्याला ते तंतोतंत लागू आहे. पाणी येणारच.

युद्ध संपलं आणि सैन्याचा उरलेला माल विकायला निघाला. त्यासाठी सरकारचं डिस्पोजल्सचं खातंच होतं, आणि त्यातून मराठीत एक शब्द रुजला: डिस्पोजलचा माल. जुन्या पिढीतल्या भटक्यांना विचारा, त्यांची सॅक, पाण्याची बाटली, झोपायची पिशवी, बूट, सगळं 'मिलिटरी डिस्पोजल'. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. तेव्हा आपल्याकडे डोंगराच्या सामानाचं वेगळं दुकान असा प्रकार नव्हता. कॅनव्हासचे साधे बूट होते. बाटा कंपनी भारतात १९३१ मध्ये आली, कोलकात्याजवळ कोन्नगरला सुरुवात झाली आणि १९३४ पासून बाटानगर उभं राहायला लागलं. शाळेच्या पीटीचे पांढरे बूट आणि डिस्पोजलचे हिरवे बूट, यावर आपल्याकडचे कित्येक गडकोट पालथे घातले गेले. आणि त्याच डोंगरात गुरं घेऊन जाणारे धनगर, लाकूडफाटा आणणाऱ्या वारली-कातकरी बाया अनवाणी किंवा टायरच्या चपलांवर चालत होत्या, आजही चालतात. टायरची चप्पल ही सुद्धा दुसऱ्याच्या वाटेसाठी बनलेल्या रबराचीच! ट्रकचं डांबरी रस्त्यावरचं काम संपलं, मग ते रबर पायवाटेला आलं.

तर हंटर शूजचा निकाल काय? चिखल, खाजण, जंगल, काटे यांत उत्तम. घोट्याच्या वर येतो, त्यामुळे गवतात आणि दगडांच्या फटीत राहणाऱ्या फुरशापासून थोडं तरी संरक्षण. स्वस्त, भिजला तरी चिंता नाही. पण त्याची जमीन म्हणजे जंगलातली मऊ माती. आतून त्याला जवळजवळ काहीच गादी नसते. मुरमाड वाटेवर दिवसभर चाला, प्रत्येक खडा तळव्याला मोजता येतो. उतरताना टाच आणि गुडघे बोलायला लागतात. शिवाय त्याची जात सगळीकडे सारखी नसते. एका जोडीचा तळ मऊ रबराचा निघतो, दुसऱ्याचा कडक, प्लास्टिकसारखा. दुसरा ओल्या कातळावर धोक्याचा.

आता गोष्टीचा दुसरा धागा. १९३५ मध्ये इटलीतल्या आल्प्समध्ये पुंता रासिका नावाच्या शिखरावर एक गट चढत होता. खडकावर चढायला त्यांनी हलके, कापडी तळाचे जोडे घातले होते, खिळ्यांचे जड बूट खाली ठेवले होते. वादळ आलं, बर्फ पडलं, हलक्या जोड्यांत ना ऊब ना पकड. सहा जण गेले. त्या गटात विताले ब्रामानी नावाचा गिर्यारोहक होता, तो वाचला. त्याने ठरवलं की खडकावर आणि बर्फावर दोन्हीकडे धरेल असा एकच तळ पाहिजे. पिरेल्ली या टायरवाल्या कंपनीची मदत मिळाली आणि १९३७ मध्ये त्याने खोल खाचांच्या रबरी तळाचं पेटंट घेतलं. त्याच्या नावाची आद्याक्षरं जोडून झालं विब्राम. १९५४ मध्ये, म्हणजे आपल्याकडे गिरिविहार सुरू झाली त्याच वर्षी, इटालियन लोक के-टू शिखरावर पोचले ते याच तळाच्या बुटांवर. आज दुकानातल्या कुठल्याही ट्रेकिंग शूजच्या खाली ज्या चौकोनी, फुलीसारख्या खाचा दिसतात ना, त्या सगळ्या त्या तळाच्या नातवंडं-पतवंडं आहेत. सैन्यानेही खिळे सोडून रबर धरलं. ब्रिटिश फौजेने तळ थेट बुटावर ओतून चिकटवायची पद्धत आणली, तिचं संक्षिप्त नाव डीएमएस, आणि एनसीसी केलेल्यांना 'डीएमएस बूट' हा शब्द ओळखीचा असेल.

बघा, तिकडच्या मुलांचा जीव गेला तो नेमका आपल्या श्रोत्याच्याच प्रश्नावर: एकच जोड, दोन प्रकारची जमीन. फरक एवढाच की त्यांच्याकडे खडक आणि बर्फ होता, आपल्याकडे कातळ आणि पाणी आहे. म्हणून त्यांचं उत्तर जसंच्या तसं आपल्याला लागू होत नाही. आल्प्सचा बूट जाड, ताठ, उबदार आणि पाणी आत न येणारा असतो. एप्रिलमध्ये तांदुळवाडी चढताना ऊब कोणाला हवीय? आणि वॉटरप्रूफ म्हणाल, तर त्यातल्या पातळ पडद्याचा शोध १९६९ मध्ये लागला, थंड देशातल्या दंवासाठी आणि बर्फासाठी तो झकास आहे. पण आपल्या पावसात पाणी पँटवरून ओघळत वरून आत येतं. ओढ्यात गुडघाभर उतरलात तर सरळच येतं. आणि एकदा आत आलं की वॉटरप्रूफ बूट ते बाहेर सोडत नाही, बादलीसारखा धरून ठेवतो. त्या एका शब्दासाठी हजार-दोन हजार जास्त मोजायची गरज नाही.

मग नव्वदच्या पुढे काय झालं? शाळेच्या बुटांसाठी घराघरात माहीत असलेल्या अ‍ॅक्शन या दिल्लीच्या कंपनीचे ट्रेकिंग शूज सह्याद्रीतल्या भटक्यांनी उचलून धरले. दिसायला अगदी साधे, घोट्याच्या खाली, वजनाला हलके, कित्येक वर्षं हजाराच्या आतबाहेर मिळणारे. त्यांचं गुपित तळात: मऊ, चिकट रबर. ओल्या कातळावर ते धरतं. किल्ल्यावर जाणाऱ्या ग्रुपच्या सूचनांमध्ये "शक्यतो अ‍ॅक्शनचे शूज घाला" ही ओळ तुम्ही पाहिली असेल. मऊ रबर लवकर झिजतं, हा त्याचा दुसरा अर्थ. म्हणजे वर्ष-दोन वर्षांत खाचा जातात. पण जे रबर झिजतं तेच धरतं, हा निसर्गनियमच समजा. त्यानंतर डेकॅथलॉनची मोठी दुकानं शहरांच्या कडेला आली आणि केशुआचे शूज पायांत दिसायला लागले. केशुआ हे नाव दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात राहणाऱ्या लोकांचं, बूट फ्रेंच कंपनीचा, चालतो राजमाचीच्या वाटेवर. म्हणजे पुन्हा दुसऱ्याची वाट.

आणखी एक प्रकार राहिला, आणि तो वसई-विरारकरांच्या अगदी जवळचा. कारखान्यातले सेफ्टी शूज. आपल्याकडे औद्योगिक वसाहती भरपूर, घरात कोणाकडे तरी एक जोड असतोच. मजबूत असतात, तेल-पाण्याला दाद देत नाहीत, म्हणून काही जण तेच घालून डोंगरावर येतात. ते बनलेत जड वस्तू बोटांवर पडू नये म्हणून. पुढे लोखंडी टोपी असते. उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटं त्या टोपीवर आपटत राहतात, संध्याकाळपर्यंत नखं काळी. शिवाय वजन. गिर्यारोहकांत जुना हिशोब आहे की पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच किलो. शेतात, बांधकामावर सेफ्टी शूज उत्तम. चार तास चढ-उतारासाठी नाही.

आता दोन हजारांचा प्रश्न. एक चांगली बातमी आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर जीएसटी पाच टक्के झाला, त्याच्या वर अठरा टक्के आहे. त्याआधी हजाराच्या वर गेलात की अठरा लागायचा. म्हणजे आपल्या श्रोत्याचं बजेट नेमकं त्या पट्ट्यात पडतंय जिथे कर कमी झालाय. याच पट्ट्यात शोधा. अडीच हजाराच्या किंचित वरची वस्तू "थोडंसंच जास्त आहे" म्हणून घ्यायच्या आधी बिल बघा.

दुकानात गेल्यावर ब्रँड विसरा आणि बूट उलटा करा. तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. मऊ रबर किंचित दबतं आणि परत येतं. नख घसरलं, टक्‌ असा आवाज आला, तर तो बूट कितीही देखणा असो, ठेवून द्या. खाचा चार-पाच मिलिमीटर खोल हव्यात आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा हवी, नाहीतर खाजणातला चिखल भरून तळ सपाट होतो. टाचेला पुढच्या बाजूने स्पष्ट पायरी हवी, मुरमाच्या उतारावर तीच ब्रेक लावते. मग बूट दोन्ही हातांनी वाकवा. चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्यभागी नाही. ओला टॉवेल पिळावा तसा पिळला गेला, तर तो जॉगिंगचा बूट आहे. जीभ, म्हणजे नाडीखालचा पट्टा, दोन्ही बाजूंनी शिवलेली असेल तर खडे आणि कुसळं आत जात नाहीत. खूप मोठ्या जाळीचं कापड टाळा, ऑक्टोबरात कुसळं काढताना रडाल.

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या चालण्याने पाय फुगलेला असतो. जे मोजे घालणार तेच घालून बघा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा, टाचेमागे एक बोट गेलं पाहिजे. मग नाडी घट्ट बांधून जमिनीवर पुढचा भाग आपटा. बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा घ्या.

घोट्याच्या वर की खाली? गवतातून, जंगलातून जास्त फिरणार असाल तर वर. किल्ले, पायऱ्या, कातळ जास्त असेल तर खालचा चालेल, तो हलका आणि लवकर वाळणारा. आपल्या मुलाच्या बाबतीत माझं मत विचाराल, तर मऊ रबराचा, कापडी, वॉटरप्रूफ नसलेला, घोट्याच्या जेमतेम वर येणारा किंवा खालचा हलका ट्रेकिंग शू घ्यावा आणि सगळे दोन हजार त्यात घालू नयेत. दीडच्या आत बसवून उरलेल्यात दोन जोड चांगले मोजे, आतली जास्तीची गादी आणि शिलाई. शिलाई म्हणजे काय? स्वस्त बुटांचा तळ नुसता चिकटवलेला असतो. नवा जोड घरी आणला की स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांकडून तळाला चौफेर दोरा मारून घ्या. अर्ध्या तासाचं काम, पण त्याने बुटाचं आयुष्य वाढतं. पैसे त्याहूनही कमी असतील तर हंटर शूज घ्या, मात्र नखाची परीक्षा करून, आणि आत जाड गादी टाकून.

आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. अनेक बुटांच्या तळात पीयू म्हणजे पॉलियुरेथेन असतं. ते दमट हवेत आतल्या आत सडतं, वापरा किंवा नका वापरू. चार-पाच वर्षं माळ्यावर ठेवलेला नवाकोरा दिसणारा बूट घालून माणूस निघतो आणि अर्ध्या वाटेत तळाचा भुगा होतो. अर्नाळ्याच्या हवेत हे लवकर होणार. म्हणून सेलमधला जुना स्टॉक घेताना आत उत्पादनाची तारीख असेल तर ती बघा, आणि बरेच दिवस न वापरलेला जोड गडावर न्यायच्या आधी गावात दोन दिवस घालून फिरा. ईव्हीए नावाचा हलका फोम असा सडत नाही, फक्त हळूहळू दबतो. खाऱ्या पाण्यात भिजलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर नाडीच्या कड्या गंजतात आणि मीठ ओलावा धरून ठेवतं. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर गोंद सुटतो.

शेवटी एकच सांगतो. शेवाळावर कुठलाही बूट धरत नाही, दोन हजारांचा नाही आणि वीस हजारांचाही नाही. बूट चांगला आहे म्हणून धबधब्याच्या कडेला जायचं धाडस करू नका. पण उलटंही तितकंच खरं आहे. महागडे बूट नाहीत म्हणून डोंगर आपल्यासाठी नाही, असं या मुलांना वाटायला लागलंय, कारण रीलमध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाच्या पायात आठ-दहा हजारांचा जोड असतो. या मुलुखात माणसं वहाणांवर लढली, डिस्पोजलच्या बुटांवर फिरली, टायरच्या चपलांवर अजून चढतायत. प्रत्येकाला दुसऱ्याच्या वाटेसाठी बनलेली वस्तूच मिळाली, आणि प्रत्येकाने ती आपल्या जमिनीवर पारखून घेतली. तेवढी पारख आपण ठेवली की दोन हजार पुरेसे आहेत.

तुमच्या घरी डिस्पोजलचा एखादा जुना जोड अजून असेल, किंवा तुमच्या गावात हंटर शूजला दुसरं काही नाव असेल, तर नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर सांभाळून चाला. नमस्कार.